ट्रॉलीभर माती मागवण्याआधी

कोल्हापूरला लागून असलेल्या पाचगावच्या माळावर आम्ही घर बांधलं तेव्हा अंगणात कुदळ मारली की ठिणगी उडायची. वर चार बोटं बांधकामाचा राडारोडा, खाली तांबूस मुरूम आणि त्याखाली कातळ. बाहेरून माती टाकल्याशिवाय इथं काही उगवणार नाही, हे सगळ्यांनीच सांगितलं आणि ते खरंही होतं. मे महिन्यात एकाला फोन केला. दुसऱ्याच दिवशी 'मळ्यातली काळी माती' म्हणून दोन ट्रॉल्या दारात उलटल्या. "एक नंबर माती हाय वैनी, काय बी काळजी करू नगासा," असं म्हणत त्यानं पैसे मोजून घेतले. त्याच रात्री वळीव कोसळला. सकाळी फाटकापासून पायरीपर्यंत नुसता रेंदा. तो वाळला तेव्हा फावडं आपटून परत येत होतं. जुलैत त्यातून जे हिरवंगार उगवलं तो सगळा लव्हाळा होता. तो काढायला मला तीन वर्षं लागली, आणि अजूनही कुंपणाकडेला एखादं टोक डोकावतंच.

तेव्हापासून शेजारपाजारचं कुणीही माती मागवायला निघालं की मी आधी एकच विचारते, "निघणार कुठून आहे ती?" काळी की तांबडी, किती रुपयांना, किती ट्रॉल्या हे सगळं त्यानंतर. ट्रॉली दारात उलटली की आपल्या हातात फार काही उरत नाही. म्हणून हा लेख बराचसा ट्रॉली उलटण्याच्या आधीच्या कामांवर आहे.

आधी बघा, माती लागणार आहे का?

गंमत वाटेल, पण निम्म्या घरांना मातीची गरजच नसते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या परसात किंवा कसबा बावड्याकडे नदीच्या अंगाला घर असेल तर मूळची माती बहुतेक वेळा चांगली असते. फक्त ती वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेली असते. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी, उजळाईवाडी या माळावरच्या भागांत मात्र मुरूमच जास्त.

दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्या. पहिल्या नऊ-दहा इंचांत माती असेल, तिच्यात केसांसारखी मुळं दिसत असतील, एखादं गांडूळ सापडत असेल, तर बाहेरची माती आणू नका. तेच पैसे शेणखतात घाला. मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तुमचा प्रश्न निचऱ्याचा आहे. त्यावर आणखी माती टाकली तर वरच्या थराचाही चिखल होणार.

किती ब्रास?

आपल्याकडे माती ब्रासवर मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं फुटात, आणि त्याला १०० नं भागायचं. २० फूट बाय २० फूट अंगणात अर्धा फूट माती हवी असेल तर २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास. ट्रॉलीतली माती भुसभुशीत असते, पाणी पडल्यावर बसते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरा. म्हणजे साधारण २.४ ब्रास.

जाडी किती धरायची ते तुम्ही काय लावणार यावर. हिरवळीला सहा इंच पुरतात, अगदी तंगी असेल तर चार. फुलझाडांच्या वाफ्याला नऊ इंच. वांगी, टोमॅटो, मिरचीला फूटभर. जास्वंद, मोगरा, लिंबू यांच्यासाठी अंगणभर माती पसरू नका, फक्त खड्डे भरा. झुडपाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल. आंबा-नारळाला तीन फूट. सगळ्या अंगणात फूटभर माती टाकून मग त्यावर हिरवळ लावणाऱ्यांचे पैसे उगाच जातात.

'एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास' हे ऐकून घ्या, पण टेप घेऊन जा. ट्रॉलीची आतली मापं घ्यायची. आत १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माती पावणेदोन फूट उंच भरली असेल तर १०५ घनफूट होतात. हीच ट्रॉली सव्वा फूटच भरली तर ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. वरचा शिगोशीग ढीग बघून आपण फसतो, कारण तो मधे उंच आणि कडेला रिकामा असतो.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हा हिशोब किलोत करावा. भिजलेली माती एका घनफुटाला साधारण ५० किलो भरते. म्हणजे गच्चीवर फूटभर मातीचा वाफा केला तर प्रत्येक चौरस फुटावर ५० किलो. स्लॅब तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. गच्चीला ही माती नकोच. तिथं कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडी माती असं हलकं मिश्रण आणि कुंड्या बऱ्या.

कोल्हापुरात कुठली माती मिळते

जिल्ह्याचा पश्चिमेचा डोंगरी भाग पावसाचा. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडकडे जांभ्याची तांबडी माती. पूर्वेला कागल, हातकणंगले, शिरोळकडे आणि नद्यांच्या कडेनं काळी. शहर या दोन्हींच्या मधे असल्यामुळे आपल्याला दोन्ही मिळतात. विकणारेही दोन्हींची नावं आलटून पालटून सांगतात.

तांबडी माती हाताळायला सोपी. पाण्याचा निचरा चांगला, पावसात चिखल कमी, हिरवळीला बरी. पण पावसानं तिच्यातलं बरंच सत्त्व धुऊन गेलेलं असतं. ती थोडी आंबट असते आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. शेणखत भरपूर घालणार असाल तरच ती घ्या. नुसत्या तांबड्या मातीवर लावलेली हिरवळ दोन महिने छान दिसते आणि मग पिवळी पडत जाते. तिसरी एक गोष्ट तांबडी म्हणून खपवली जाते, ती म्हणजे भुगा झालेला मुरूम. रंग तोच असतो. बोटांत चोळा. माती बोटाला रंग लावते आणि मऊ लागते, मुरूम चुरचुरतो.

काळी माती म्हणजे कोल्हापूरकराचा जीव. ऊस तिच्यावरच उभा आहे. पण उसाची जमीन आणि घरापुढचं अंगण यांत फरक आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी बघितल्यात. अंगणात तेच होतं. फरशा हलतात, हिरवळ उंचसखल होते, पावसाळ्यात त्यावर पाय ठेवता येत नाही. माझा सल्ला असा की हिरवळीसाठी निव्वळ काळी माती घेऊ नका. भाजीच्या वाफ्याला भरपूर खत मिसळून चालते.

या दोघींच्या मधली ती पोयटा माती. नदीकाठच्या शेतातली, वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचा मेळ असलेली. हातात घेतली की मऊ, मूठ आवळली की गोळा होतो आणि बोटानं ढकलला की सुटतो. ही मिळाली तर दुसरीकडे बघू नका. मिळणं अवघड आहे, कारण वीटभट्टीलाही नदीकाठचीच माती हवी असते.

पुराच्या गाळाबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेच्या काठी कितीतरी ठिकाणी गाळ साचला आणि 'फुकट सुपीक माती' म्हणून तो उचलायला लोक धावले. पुराचा गाळ फार बारीक असतो. त्याचा जाड थर दिला तर वाळल्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा बसतो आणि खालच्या मातीला हवा मिळत नाही. शिवाय शहरातून वाहून आलेल्या पुरात गटाराचं पाणी, तेल, काचा सगळं असतं. शेताशेतातून आलेला गाळ एक-दोन इंच मिसळायला हरकत नाही. वस्तीतला गाळ भाजीच्या वाफ्यात मी तरी घालणार नाही.

'मळ्यातली' म्हणजे नेमकी कुठली?

विकणाऱ्याला विचारा की शेताची वरची फूटभर माती आहे, की पायाच्या खोदाईतून निघालेली, की विहिरीची. गावाबाहेर इमारती उठतायत. तळघर खणताना निघालेली माती कुठेतरी टाकायचीच असते, आणि ती 'काळी माती' म्हणून आपल्या दारात येते. जमिनीच्या सात-आठ फुटांखालच्या त्या मातीत जीव नसतो. सेंद्रिय पदार्थ नसतात, गांडूळ नसतं, वर्षानुवर्षं मुळं फिरून झालेला भुसभुशीतपणा नसतो. दिसायला काळी, ढेकळं गुळगुळीत आणि चकचकीत, कापलेल्या साबणासारखी. वरची माती कणीदार असते, तिला वास असतो. पहिल्या वळवाच्या सरीनंतर जो वास येतो तोच. कुबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती माती पाण्याखाली कुजत पडलेली आहे.

दुसरा प्रश्न, शेतात आधी काय होतं? ऊस असेल तर तणनाशक मारलेलं असतंच. काही तणनाशकं मातीत काही महिने टिकतात. उसाला आणि गवताला त्याचं फारसं काही होत नाही, पण घेवडा, काकडी, टोमॅटो वेडेवाकडे येतात. याची परीक्षा घरीच होते, ती पुढे सांगते.

तिसरा प्रश्न क्षाराचा. शिरोळ तालुक्यात आणि नदीकाठी जिथं वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी सोडलं तिथली बरीच जमीन क्षारपड झाली आहे. अशा शेतातलं पीक येईना झालं की माती विकायला काढली जाते. शेतावर गेलात तर वाळलेल्या ढेकळांवर पिठासारखी पांढरी झाक दिसते. दिसली तर परत या.

आणि एक कागदाची गोष्ट. माती हे गौण खनिज आहे. ती काढायला तहसीलदारांची परवानगी लागते, स्वामित्वधन भरावं लागतं आणि वाहतुकीचा पास लागतो. पास मागितला की काही जण फोनच ठेवून देतात. त्यानं आपलंच काम सोपं होतं.

शेतावर जाऊन करायच्या परीक्षा

रविवारी सकाळी स्कूटरवरून जाऊन या. फावडं, पाण्याची बाटली आणि दोन पिशव्या बरोबर घ्या. ढिगाच्या वरची माती घेऊ नका, बाजूनं हातभर आत खोदून घ्या.

पहिली परीक्षा बोटांची. लिंबाएवढा गोळा ओला करून मळा, भाकरीच्या पिठासारखा. मग अंगठा आणि तर्जनीत दाबत त्याची पट्टी पुढे सरकवा. पट्टी इंचभर होऊन तुटली तर माती बागेला चांगली. दोन इंचांच्या वर गेली आणि लोंबत राहिली तर चिकणमाती जास्त. पट्टीच होत नसेल, हातात नुसती रेती लागत असेल, तर पाणी धरणार नाही.

दुसरी, लव्हाळ्याची. मूठभर माती पसरून त्यात काळपट, वाटाण्याएवढ्या, टणक गाठी शोधा. एखादी फोडून बघा, आत पांढरी आणि सुवासिक असते. हाच लव्हाळ्याचा नागरमोथा. ती एक गाठ मिळाली तरी माझा त्या ढिगाशी संबंध संपतो. गाजर गवताचं बी दिसत नाही, पण ढिगाच्या आसपास ते माजलेलं असेल तर मातीत बी असणारच. गाजर गवत उपटता येतं, लव्हाळ्याच्या गाठी मात्र जमिनीत खोलवर साखळीनं जोडलेल्या असतात. वरचं पातं उपटलं की खालची गाठ आणखी दोन पाती काढते.

तिसरी, हुमणीची. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी. आपल्याकडच्या उसाला तिचा त्रास नवा नाही. फावड्याच्या एका घासात दोन-तीन निघाल्या तर हिरवळीची मुळं ती खाणार, आणि गवताची गादी हातानं उचलली की सतरंजीसारखी निघून येणार.

घरी करायच्या परीक्षा

दोन्ही पिशव्या घरी आणल्या की पुढचे दोन आठवडे त्यांना द्या. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हा भाग सगळ्यात कामाचा आहे, आणि नेमका हाच कुणी करत नाही.

बरणी घ्या, लोणच्याची काचेची चालेल. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि ओट्याच्या कडेला ठेवा. एका मिनिटात जे तळाला बसतं ती वाळू. तिथं पेनानं खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण, तो गाळ. त्यावर एक-दोन दिवसांत बसते ती चिकणमाती. वर काड्या, मुळ्या, काळपट तुकडे तरंगतात ते सेंद्रिय. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या चौथाईच्या आसपास असेल तर उत्तम. निम्म्याच्या वर असेल तर ती बागेला फार चिकट.

पेल्याची परीक्षा याहून साधी. मला ती एका निवृत्त कृषी सहायकांनी दाखवली. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्यायचं. मातीचा सुका, वाटाण्याएवढा खडा अलगद सोडायचा आणि हात लावायचा नाही. चांगल्या मातीचा खडा बुडबुडे सोडत विरघळतो, तळाला ढीग होतो, पाणी मात्र स्वच्छ राहतं. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या मातीच्या खड्याभोवती दहा-वीस मिनिटांत दुधासारखा ढग पसरायला लागतो आणि दोन तासांनी पेल्याचा तळ दिसत नाही. ती माती पावसात अशीच पसरून वर पातळ कवच धरणार, बी उगवू देणार नाही. आमच्या त्या 'एक नंबर' मातीचा उरलेला खडा मी नंतर असा सोडून बघितला होता. अर्ध्या तासात पेल्यात ताक.

चुनखडीसाठी कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. थोडा असला तर बिघडत नाही. जोरात फेस आला तर गुलाब, अनंत, इक्झोरा यांची पानं पिवळी पडतील, शिरा तेवढ्या हिरव्या राहतील.

तणनाशकासाठी दोन कुंड्या. एकीत ही माती, दुसरीत आपली खात्रीची. दोन्हींत मेथी आणि घेवडा पेरा. दहा-बारा दिवसांत फरक दिसतो. नव्या मातीतली रोपं वाकडी, पानं चोळामोळा झालेली, कडा जळालेल्या असतील तर माती नको.

चार-पाच ब्रास माती घ्यायची असेल तर प्रयोगशाळेतूनही तपासून घ्या. कृषी खात्याकडे माती परीक्षणाची सोय आहे. वेगवेगळ्या पाच-सहा जागांची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो द्यायची. अहवालात तीन आकडे बघा. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असेल तर निश्चिंत, ८.५ च्या वर असेल तर नको. क्षारता (ईसी, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) १ च्या खाली. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्क्यांच्या वर असेल तर चांगली, कमी असेल तर खत वाढवा.

कधी मागवायची

गळीत हंगाम चालू असेपर्यंत ट्रॅक्टर उसाला जुंपलेले असतात. माती वाहायला ते मार्चनंतर मोकळे होतात, आणि मातीलाही तोच काळ बरा कारण ती कोरडी असते. मार्च आणि एप्रिल. मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही, हे माझ्याकडून शिका. पावसाळ्यात आलेली काळी माती ढेकळं धरते आणि ती ढेकळं वर्षभर फुटत नाहीत.

आदल्या दिवशी ट्रॉली येणार तिथवरचा रस्ता बघा. एक ब्रास माती साधारण चार टन. मैल्याच्या टाकीवर, चेंबरच्या झाकणावर किंवा पेव्हर ब्लॉकवरून ट्रॉली नेऊ नका. ताडपत्री अंथरून ठेवा, ढीग तिच्यावरच पडू दे, आणि दुसरी ताडपत्री झाकायला. पैसे माती उलटण्याआधी देऊ नका. फाळका उघडण्यापूर्वी वर चढून मधे हात घाला, आणलेल्या नमुन्याशी रंग आणि वास ताडून बघा. पटलं नाही तर तिथूनच परत पाठवा. ट्रॉलीवाला कुरकुर करतो, भाड्याचं काय म्हणतो. नमुन्यासारखी माती नसेल तर परत, हे फोनवरच ठरलेलं असेल तर तो वाद वाढत नाही.

खालची जमीन तयार करणं

मुरमावर सरळ माती ओतली की दोन थर वेगळे राहतात. पाणी वरच्या थरात जिरतं आणि मुरमाच्या तोंडाशी थांबतं. मुळंही तिथंच वळतात. म्हणून आधी राडारोडा, सिमेंटची ढेकळं, प्लास्टरचे तुकडे वेचून काढा. सिमेंटचा चुरा मातीत राहिला तर सामू वाढवतो. मग टिकावानं मुरूम चार-सहा इंच सैल करा. आम्ही यासाठी दोन दिवस दोन गडी लावले होते, आणि सगळ्या खर्चात तेच पैसे सार्थकी लागले. सैल केलेल्या मुरमावर दोन इंच नवी माती टाकून फावड्यानं मिसळा आणि मग बाकीची माती वर.

उतार घरापासून बाहेरच्या दिशेनं द्या. दहा फुटांना दोन इंच पुरे. दोरी आणि पाण्याची नळी असली की गवंड्याशिवाय जमतं. भिंतीजवळ मातीची पातळी जोत्याच्या किमान सहा इंच खाली ठेवा, नाहीतर ओल चढते आणि वाळवीला आतला रस्ता मिळतो. जुन्या झाडाच्या बुंध्याशी माती चढवू नका. आंब्याच्या मुळांवर फूटभर माती टाकून अंगण समतल करणाऱ्यांचे आंबे दोन-तीन वर्षांत वाळायला लागतात आणि कारण कुणाला कळत नाही.

मिश्रण

बहुतेक लोक इथं वाळूचा आग्रह धरतात. काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकली की ती सैल होते, असा समज आहे. उलटं होतं. वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरते आणि वाळल्यावर ते काँक्रीटसारखं होतं. वाळूनं फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. तेवढे पैसे कुणी घालत नाही. क्रश सँड तर नकोच, तिच्यात दगडाची पूड असते. काळी माती सैल होते ती कुजलेल्या खतानं.

माझं प्रमाण असं. तांबडी माती तीन घमेली, काळी एक घमेलं, कुजलेलं शेणखत एक घमेलं. हिरवळीला हे पुरतं. भाजीच्या वाफ्याला तांबडी आणि काळी दोन-दोन आणि शेणखत दीड. पोयटा मिळाली असेल तर पाच घमेल्यांना एक शेणखत, बस्स.

शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हात घातला तर गरम लागू नये, शेणाचा वास येऊ नये. अर्धवट कुजलेल्या खतातच हुमणी जास्त असते. खत आणलं की चार दिवस उन्हात पातळ पसरून ठेवा. साळुंक्या आणि बगळे अळ्या वेचून खातात, आपल्याला काही करावं लागत नाही. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा चोथा, म्हणजे प्रेसमड, स्वस्त आणि चांगलं, पण ताजं घेऊ नका, ते आतून तापतं आणि मुळं भाजतं. कंपोस्ट केलेलं मागा. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख मूठ-दोन मूठ ठीक, घमेल्यानं नको, आणि काळ्या मातीत मुळीच नको. आधीच अल्कधर्मी असते ती.

पसरणं आणि बसवणं

मातीत काम करायचं ते वाफश्यावर, म्हणजे माती गच्च ओलीही नाही आणि पार कोरडीही नाही अशा वेळी. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, शहरातल्या माणसाला लागतं. मूठभर मातीचा लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा झाला तर अजून ओली, थांबा. ओल्या मातीवर चालून, फावडं मारून जे बिघडतं ते पुढे खत घालून वर्षानुवर्षं सुधारत बसावं लागतं.

तीन-तीन इंचांचे थर द्या, प्रत्येक थर दंताळ्यानं सारखा करा. माती अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळली तर पुढचा त्रास वाचतो. निदान हिरवळीच्या वरच्या तीन इंचांसाठी तरी चाळाच. पूर्ण भरून झालं की बारीक झारीनं पाणी द्या, दोन दिवस थांबा, पुन्हा द्या. माती खाली बसेल, खळगे दिसतील, ते भरा. पाय जुळवून छोट्या पावलांनी सगळ्या अंगणावर चालून या. जड रोलर आणायची गरज नाही.

आता घाई करू नका. नुसतं पाणी देत पंधरा दिवस थांबा. मातीत जे तणाचं बी आलंय ते उगवेल. दोन-तीन पानांचं झालं की खुरप्यानं वरच्यावर काढा, खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. हे दोनदा केलं की निम्मी खुरपणी कायमची वाचते.

हिरवळ लावायची वेळ कोल्हापूरच्या पावसाप्रमाणे ठरवा. मृगाच्या सरींवर लावली तर रुजते लवकर, पण जुलैची झड लागली की उताराची माती आणि ठोंब दोन्ही गटारात जातात. मी ऑगस्टच्या शेवटी लावते, पाऊस ओसरताना. हरळीच्या जातीचे ठोंब असतील तर तीन-चार इंचांवर टोचा. लाद्या आणल्या असतील तर विटा बसवतात तशा सांधा चुकवून बसवा आणि फटींत चाळलेली माती भरा. सावलीत हरळी येत नाही. घराच्या उत्तरेला दिवसभर ऊन नसेल तिथं हिरवळीचा हट्ट सोडून हळद किंवा आळू लावलेलं बरं.

भाजीच्या वाफ्याला बसवायची, तुडवायची गरज नसते. तो चार फुटांहून रुंद करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. वर उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडे ते मागितलं की मिळतं. पाऊस थेट मातीवर आपटत नाही आणि ओल टिकते.

थोडी माती शिल्लक ठेवा. दोन-तीन पोती, चाळून, जिन्याखाली कोरड्या जागी. पहिला पावसाळा सरला की अंगणात कुठेतरी बशीसारखे खळगे पडलेले दिसतात. आमच्याकडे नळाच्या खाली आणि झोपाळ्याच्या खांबाशी पडतात. तिथं बाहेरची दुसरी माती टाकली की तेवढाच तुकडा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या गतीनं वाढणारा दिसत राहतो. पोत्यातलीच माती, तेवढंच शेणखत, बोटाच्या पेराएवढा पातळ थर, गवताची टोकं वर दिसतील इतकाच. आठवड्यानं पुन्हा एक.